ग्रीक ‘ने’ म्हणजे ‘हो’ : मनाच्या जखमा मोजणारी प्रश्नावली परभाषेत नेताना

ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे हो. आपल्या बोलण्यात ‘नै’ म्हणजे नाही. अथेन्सला गेलेल्या मराठी माणसाची पहिली फसगत बहुधा इथेच व्हायची. खोली आहे का विचारलं, समोरचा हसून ‘ने, ने’ म्हणाला आणि हा बॅग उचलून बाहेर! त्यात ग्रीक माणूस नकार देताना पुष्कळदा मानही हलवत नाही. भुवया उंचावतो, हनुवटी जराशी वर करतो, की झालं ‘नाही’.

खोली हुकली तर दुसरी मिळते. पण एखाद्याच्या मनावरचा घाव मोजण्यासाठी विचारलेल्या प्रश्नात अशी फसगत झाली तर?

२८ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री ग्रीसमधल्या तेंबी इथे अथेन्सहून थेसालोनिकीला निघालेली प्रवासी गाडी आणि समोरून येणारी मालगाडी एकाच रुळावर आल्या. ५७ माणसं गेली. सणाची सुट्टी संपवून परतणारे विद्यार्थी त्यात पुष्कळ होते. त्याआधी २३ जुलै २०१८ ला अथेन्सजवळच्या माती या समुद्रकाठच्या वस्तीत वणवा शिरला, १०४ जणांचा बळी गेला. जे वाचले त्यांच्यातले कित्येक समुद्रात उतरून, पाण्यात तासन्‌तास उभे राहून वाचले. अशा घटनांनंतर जगात कुठेही एक बातमी ठरलेली असते : वाचलेल्यांपैकी इतक्या टक्के लोकांना पीटीएसडी. हा टक्का येतो कुठून? बहुतेक वेळा एका छापील फॉर्मावरून. आणि तो फॉर्म बहुतेक वेळा मूळचा अमेरिकन इंग्रजीतला असतो. तो दुसऱ्या भाषेत नेऊन तिथे नीट चालतो का हे पारखायला संशोधकांना महिनोन्‌महिने लागतात. वीस ओळींच्या भाषांतराला एवढा वेळ कशाला, हा प्रश्न साहजिक आहे.

आधी दुखणं काय ते बघू

पीटीएसडी, म्हणजे ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’, हा जिवावर बेतलेल्या किंवा तितक्याच भीषण अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक विकार. अनुभव संपतो, पण शरीर आणि मन तो संपला असं मानायला तयार होत नाही. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत या नावाने त्याची नोंद झाली. त्याच पुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत वीस लक्षणं चार गटांत मांडली आहेत. नको असताना आठवणी आणि स्वप्नं अंगावर येणं, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, विचार आणि भावना काळवंडणं, आणि सतत सावध, दचकरं, चिडकं होणं.

पक्कं निदान करायचं तर प्रशिक्षित माणसाने समोर बसून मुलाखत घ्यावी लागते. सर्वांत मान्य मुलाखतीला पाऊण ते एक तास लागतो. हजारो माणसं होरपळली असतील तर इतके तज्ज्ञ आणायचे कुठून? म्हणून ‘पीसीएल-५’ नावाची प्रश्नावली वापरतात. वीस लक्षणांचे वीस प्रश्न. गेल्या महिन्यात या गोष्टीचा किती त्रास झाला, याचं उत्तर शून्य ते चार. एकूण गुण शून्य ते ऐंशी. पाच-दहा मिनिटांत भरून होते, आणि फुकट मिळते. जगभर पसरायला आणखी काय हवं?

वीस ओळींचं भाषांतर, त्यात काय एवढं?

पहिली अडचण शब्दाचीच, आणि ती मोठी मजेशीर आहे. ‘ट्रॉमा’ हा शब्द जगाला ग्रीकांनीच दिला. पण आजच्या ग्रीकमध्ये ‘त्राव्मा’ म्हणजे साधी जखमसुद्धा. गुडघा फुटला तरी त्राव्माच. मनाची जखम म्हणायची असेल तर पुढे ‘मनाची’ असं विशेषण लावावं लागतं. मुलगी जग फिरून माहेरी आली आणि घरच्यांनाच ओळखू येईना, तसं काहीसं.

मग ‘स्ट्रेसफुल’ अनुभव. इंग्रजी प्रश्नावली अतिशय ताण देणाऱ्या अनुभवाबद्दल विचारते, आणि तिला अभिप्रेत असतं ते मरण समोर दिसणं, गंभीर इजा, लैंगिक अत्याचार अशा तोडीचं काही. आता मराठीत ‘ताण देणारा अनुभव सांगा’ म्हटलं तर लोक दहावीची परीक्षाही सांगतील. ग्रीसमध्ये २०१० च्या आसपास आर्थिक संकट कोसळलं, पगार आणि पेन्शन कापल्या गेल्या. तिथे कुणी नोकरी गेल्याचा अनुभव लिहिला तर तो चुकला असं कोण म्हणेल? त्याचं दुःख खोटं नाही. पण ही प्रश्नावली त्या दुःखासाठी बनलेली नाही. म्हणून पुष्कळदा तिच्याआधी घटनांची एक यादी भरून घेतात : पूर, आग, अपघात, हल्ला वगैरे. कोणत्या घटनेबद्दल आपण बोलतो आहोत ते आधी ठरतं, मग त्रासाचे प्रश्न.

उत्तरांच्या पायऱ्याही सरळ नसतात. अजिबात नाही, थोडा, मध्यम, बराच, अतिशय. कागदावर सोपं दिसतं. ग्रीकमध्ये चौथ्या पायरीसाठी सहज सुचणारा शब्द ‘अर्केता’. त्याचा अर्थ ‘बराच’ होतो आणि ‘पुरेसा’ही होतो. मधल्या पायरीचा शब्द तर कॉफी मागवताना वापरतात त्याचाच भाऊ. बेताची साखर घातलेली कॉफी म्हणजे ‘मेत्रियो’. भयंकर आठवणींना बेताची साखर! माझ्या मते भाषांतरकार प्रश्नांवर रात्री जागवतात आणि या पाच पायऱ्या चहा पिता पिता उरकतात. खरं तर उलट हवं. प्रश्नातला एखादा शब्द चुकला तर एक प्रश्न बिघडतो, पायरी चुकली तर वीसच्या वीस.

आणि व्याकरण. ग्रीकमध्ये विशेषणाला लिंग आहे. ‘दूर गेल्यासारखा’ की ‘दूर गेल्यासारखी’, हे फॉर्मात ठरवावंच लागतं. सहसा तिरपी रेघ मारून दोन्ही प्रत्यय छापतात. मराठी वाचकाला हे सांगायला नको. ‘मी घाबरलो/घाबरले’ असं प्रत्येक ओळीत छापलेला फॉर्म भरताना आपण सरकारी खिडकीपुढे उभे आहोत असंच वाटत राहतं, आणि खिडकीपुढे माणूस मनातलं बोलत नाही.

उलटं भाषांतर करून पाहिलं की झालं?

ठरलेली रीत अशी. दोन भाषांतरकार स्वतंत्रपणे ग्रीक मसुदे करतात. दोन्ही जुळवून एक बनवतात. मग मूळ इंग्रजी न पाहिलेला तिसरा माणूस त्या ग्रीकचं पुन्हा इंग्रजी करतो. दोन इंग्रजी शेजारी ठेवून फरक शोधायचे. ही उलट भाषांतराची पद्धत रिचर्ड ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये नीट मांडली.

पद्धत चांगली, पण तिच्यात एक चोरवाट आहे. शब्दाला शब्द ठेवून केलेलं वाईट भाषांतर सगळ्यांत छान उलटतं! ‘कट ऑफ’, म्हणजे लोकांपासून तुटल्यासारखं, वाटतं का, याचं मराठी ‘कापल्यासारखं वाटतं का’ असं केलं, तर उलटताना ‘कट’ बरोब्बर परत येईल. समिती खूश. आणि वाचणारी आजी विचारेल, कुठे कापलंय? उलट चांगला भाषांतरकार ‘माणसात असून नसल्यासारखं वाटतं का’ असं लिहील, आणि उलट भाषांतरात तेच ‘चुकीचं’ दिसेल.

म्हणून खरी कसोटी त्यापुढे लागते. मोजक्या सामान्य माणसांपुढे मसुदा ठेवायचा आणि प्रत्येक ओळीला विचारायचं, तुम्हाला यातून काय कळलं? तुमच्या शब्दांत सांगा. उत्तर काय दिलं यापेक्षा प्रश्न काय समजला हे ऐकायचं. या गप्पांत जे हाती लागतं ते कुठल्याच कोशात नसतं. उदाहरणार्थ, ग्रीक माणूस दुःखाला ‘स्तेनोखोरिया’ म्हणतो; शब्द फोडला तर अरुंद जागा. आपल्या ‘जीव कोंडतो’च्या अगदी जवळचा. चिडचिड होते हे सांगायला तो म्हणतो, मला ‘नेव्रा’ आहेत, म्हणजे शब्दशः नसा. प्रश्नावलीत पुस्तकी शब्द घातले आणि माणूस नसा आणि अरुंद जागा यांत बोलत असला, तर दोघांची गाठ पडायची कशी?

शितावरून भाताची परीक्षा

भाषा मनासारखी झाली की आकडे येतात. शे-दोनशे किंवा त्याहून जास्त माणसांकडून फॉर्म भरून घेतात. इथे दोनच पारिभाषिक शब्द लक्षात ठेवू : विश्वसनीयता आणि वैधता.

विश्वसनीयता म्हणजे मोजमाप स्थिर आहे का. शितावरून भाताची परीक्षा करतो तेव्हा आपण गृहीत धरतो की पातेल्यातला भात सारखा शिजला आहे. प्रश्नावलीतले वीस प्रश्न म्हणजे वीस शितं. एका प्रश्नावर जास्त त्रास सांगणारा दुसऱ्यावरही साधारण जास्तच सांगतो का, हे तपासतात. ते एका आकड्यात सांगण्याचं सूत्र ली क्रॉनबाख यांच्या १९५१ च्या लेखामुळे रूढ झालं; त्याला अल्फा म्हणतात. अल्फा ०.७ च्या वर असला तर चालतं असा प्रघात आहे.

मात्र अल्फा एकच्या जवळ आला की टाळ्या वाजवायची घाई नको. एकच प्रश्न वीस वेळा फिरवून विचारला तरी अल्फा उत्तम येतो. आणि सगळी शितं सारखी शिजली एवढंच तो सांगतो. पातेल्यात भात आहे की साबुदाणा, ते तो सांगत नाही.

स्थिरतेची दुसरी तपासणी सोपी आहे. तोच फॉर्म काही दिवसांनी पुन्हा भरून घ्यायचा. फार लवकर घेतला तर माणसाला आधीची उत्तरं आठवतात, फार उशिरा घेतला तर त्याची अवस्थाच बदललेली असते.

बरं, पण मोजतो आहोत ते तेच कशावरून?

हा वैधतेचा प्रश्न, आणि सगळं पाणी इथे मुरतं. काटा रोज तेच वजन दाखवेल, पण त्याला पासंग असेल तर रोज तेच चुकीचं दाखवेल.

एक तपासणी शेजाऱ्यांवरून होते. नैराश्य, चिंता, झोप मोजणाऱ्या प्रश्नावल्या सोबत भरून घेतात. झोपेसाठी ग्रीकांकडे घरचीच प्रश्नावली आहे. २००० मध्ये अथेन्समध्ये आठ प्रश्नांची निद्रानाश-मोजणी तयार झाली आणि तिला जगभर भाषांतरं मिळाली. म्हणजे माल उलट दिशेनेही जातो. नव्या प्रश्नावलीचे गुण या शेजाऱ्यांशी थोडे जुळायला हवेत, पण तंतोतंत नकोत. झोप उडणं, लक्ष न लागणं, कशातच रस न वाटणं हे नैराश्यातही असतंच. गुण नैराश्याशी पूर्ण जुळले तर आपण नवं काहीच मोजलं नाही.

दुसरी तपासणी कप्प्यांची. निदानपुस्तिका वीस लक्षणं चार कप्प्यांत ठेवते. खऱ्या माणसांच्या उत्तरांतही तेच चार गठ्ठे पडतात का? गणिताने ते काढता येतं, आणि संशोधकांत इथे हमखास जुंपते. काहींना सात कप्पे जास्त पटतात. सामान्य वाचकाने या भांडणात फार पडू नये. गणित एवढंच दाखवतं की उत्तरं कुणाच्या शेजारी बसली. का बसली, हे ते दाखवत नाही.

तेंबीचंच बघा. दहावा प्रश्न साधारण असा आहे : घडलेल्या गोष्टीबद्दल तुम्ही स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला दोष देत होतात का? निदानपुस्तिकेला इथे अपेक्षित आहे तो वास्तवाशी विसंगत, मनात रुतून बसलेला दोष. मी घरीच थांबलो असतो तर भाऊ वाचला असता, या जातीचा. पण तेंबीत गाडी चुकीच्या रुळावर गेली, आणि ही चूक वेळीच ध्यानात आणून देऊ शकणारी यंत्रणा वर्षानुवर्षं रखडलेली होती. दुसऱ्या स्मृतिदिनी, २०२५ मध्ये, सगळ्या देशात प्रचंड निदर्शनं झाली. तिथल्या माणसाने या प्रश्नाला ‘अतिशय’ म्हटलं तर ते लक्षण की नागरिक म्हणून काढलेला निष्कर्ष? फॉर्मात दोन्हीला चारच गुण.

त्या निदर्शनांची एक घोषणा होती, ‘देन एखो ओक्सिगोनो’. म्हणजे माझ्याजवळ प्राणवायू नाही. अपघाताच्या रात्री मदतीसाठी केलेल्या फोनवर ऐकू आलेले हे शब्द. आता पाचवा प्रश्न आठवण येताच छाती धडधडते का, श्वास कोंडतो का, असं विचारतो. ज्या देशात श्वास कोंडणं हा फलक झाला, तिथे हा प्रश्न २०२२ मध्ये आणि २०२५ मध्ये सारख्याच अर्थाने वाचला जाईल का? भाषांतरातला एकही शब्द न बदलता प्रश्न बदलू शकतो. म्हणूनच एकदा तपासलेली प्रश्नावली कायमची तपासलेली असते असं मला वाटत नाही. आपल्याकडे दुकानदाराच्या काट्यावरसुद्धा मुदतीचा शिक्का असतो, मुदत संपली की पुन्हा पडताळणी.

३३ गुण आले, म्हणजे आजार झाला?

नाही. आणि लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या.

पीसीएल-५ साठी ३१ ते ३३ च्या दरम्यानची सीमारेषा सांगतात. तिच्यावर गुण गेले तर पुढची मुलाखत घ्यावी. ही रेषा प्रामुख्याने अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या अभ्यासातून आली. वणवा शिरलेल्या ‘माती’ वस्तीतल्या पेन्शनर बाईंना तीच लागू का व्हावी? भाषांतर करताना शब्दांवर खल होतो, आणि हा आकडा मात्र सामानात गुपचूप येतो. तो ग्रीकांसाठी ठरवायचा तर त्याच माणसांच्या तासभराच्या मुलाखतीही घ्याव्या लागतात. खर्चिक काम. म्हणून पुष्कळ अभ्यास ते टाळतात, ऑनलाइन फॉर्म पाठवतात, विद्यार्थी ते भरतात, आणि शीर्षकात ‘वैधता सिद्ध’ झळकतं.

रेषा चांगली असली तरी गणिताचा एक गनिमी कावा आहेच. समजा, हजार माणसं तपासली आणि त्यांतल्या शंभरांना खरंच विकार आहे. प्रश्नावली आजारी शंभरांतल्या ८० पकडते आणि निरोग्यांतल्या ८५ टक्क्यांना बरोबर सोडते. ऐकायला झकास. पण निरोगी ९०० आहेत. त्यांचे १५ टक्के म्हणजे १३५ उगाच पकडले गेले. एकूण २१५ जण रेषेवर, खरे त्यात ८०. आता हीच चाळणी सर्वसाधारण लोकांत लावा, जिथे समजा हजारांत २० च आजारी आहेत. १६ खरे सापडतील आणि १४७ उगाच. चाळणी तीच, धान्य बदललं. म्हणून ‘इतक्या टक्के लोकांना पीटीएसडी’ ही बातमी वाचताना विचारायचं ते हे : फॉर्मावरून की मुलाखतीवरून? आणि फॉर्म कोणी भरला?

मग ग्रीकांनी स्वतःचीच का नाही बनवायची?

बनवता येते, आणि कधी कधी बनवावीच. पण मग ग्रीसमधल्या आकड्याची तुलना दुसऱ्या देशाच्या आकड्याशी होत नाही. जुन्या काळी मापं मुलखागणिक बदलत. दोन बाजारांतली पायली नावाने एक आणि धान्याने वेगळी निघे. व्यापाराला हे परवडत नाही, संशोधनालाही नाही. त्यामुळे मधला रस्ता काढतात : माप परकंच ठेवायचं, पण आपल्या बाजारात ते किती धान्य घेतं ते मोजून बघायचं. समान त्रास असलेली ग्रीक आणि अमेरिकन माणसं समान गुण देतात का, हेही गणिताने तपासता येतं. ते तपासल्याशिवाय ‘ग्रीकांना जास्त त्रास होतो’ किंवा ‘कमी होतो’ असं म्हणणं म्हणजे दोन पायल्यांची तुलना.

शिवाय ग्रीक बोलणारे म्हणजे फक्त ग्रीसमधले नव्हेत. सायप्रसमध्ये शाळेत आणि वर्तमानपत्रात प्रमाण ग्रीक असते, घरात आणि रस्त्यावर सायप्रसची बोली. १९७४ मध्ये बेट दुभंगलं तेव्हा घर सोडावं लागलेल्यांच्या आठवणी बोलीत साठलेल्या आहेत, आणि फॉर्म येतो प्रमाण भाषेत. मेलबर्नमध्ये स्थायिक झालेल्यांची ग्रीक तर वेगळ्याच काळात गोठलेली. ‘ग्रीक भाषिकांसाठी तपासलेली’ असा शिक्का वाचला की कुठले ग्रीक, हे बघायचं.

मराठीत हेच करायचं झालं तर

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी परिसर हादरला आणि हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. त्या गावांतला कुणी म्हातारा आज त्या पहाटेबद्दल बोलताना म्हणेल, ‘डोळ्यांपुढून जातच नाही बघा.’ प्रश्नावलीचा पहिला प्रश्न आहे, नको असताना आठवणी येतात का. तिसरा आहे, ते सगळं आत्ता, पुन्हा घडतंय असं अचानक वाटतं किंवा तसं वागणं होतं का. पहिला बऱ्याच जणांना होणारा त्रास आहे, तिसरा त्याहून पुष्कळ खोल आणि विरळा. ‘डोळ्यांपुढून जात नाही’ आपण दोन्हीसाठी म्हणतो. समोर फॉर्म घेऊन बसलेल्या मुलीने खूण कुठल्या चौकोनात करायची?